ऑनलाइन बूट मागवताय? आधी पाऊल मिलिमीटरमध्ये मोजा

बुटाच्या डब्यावर ‘यूके ७, ईयू ४१’ छापलेलं असतं, पण हे आकडे म्हणजे पायाची लांबी नव्हे. यूके पद्धतीत एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर वाढते. ईयूमध्ये सुमारे ६.७. मोंडोपॉइंट ही मेट्रिक पद्धत त्या मानाने सरळ. २६० लिहिलं, की तो बूट २६ सेंटीमीटर लांब पावलासाठी.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीलगत कागद ठेवून टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर भार देऊन सरळ उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापुढे दुसऱ्याकडून खूण करून घ्या. स्वतः वाकलात तर माप हलतं. लांब बोट अंगठाच असेल असंही नाही. दोन्ही पावलं मोजून मोठं माप धरा.

शुगर असलेल्यांनी चवड्याची रुंदीही बघावी. पाय बधिर झाला असेल तर बूट चावतोय हे कळतच नाही, आणि जखम चिघळल्यावर बोट कापायची वेळ येऊ शकते. ‘वापरून सैल होईल’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं अशा वेळी ऐकू नये.