इंदापूरचा आकार, सुप्याचा बाजार

शहर जिवंत कशामुळे राहते, याचे उत्तर आपण बहुधा चौक, पार, घाट यांत शोधतो. बारामती-इंदापूरकडचा इतिहास वाचताना मात्र मला सतत वाटत आले आहे, की तालुक्याच्या गावातली वर्दळ पाराइतकीच कागदानेही घडवली.

प्रिंगल यांची जमीनमोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली. शेताला क्रमांक, क्रमांकाला आकार, आकाराला तीस वर्षांची मुदत. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेली ही रचना या अवर्षणग्रस्त मुलखात आकाराला आली. (‘आकार’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे लागू पडावेत, हा योगायोग सुखद आहे.) ते त्या काळचे माहिती-तंत्रज्ञानच होते. ज्या शेताला क्रमांक आणि ठरलेला आकार आहे, ते गहाण घेणे सावकाराला सोयीचे झाले.

त्याचा हिशेब १८७५ साली सुप्यात झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते. १२ मे हा बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. दख्खनच्या दंग्यांचे वर्णन करताना आपण सावकारीबद्दल पुष्कळ लिहितो, बाजाराबद्दल फारसे नाही. पण आठवड्यातून एकदा चहूकडची माणसे एका पेठेत येत होती आणि त्यांना बांधणारा कागद त्याच पेठेतल्या दुकानात होता. हे दोन्ही एका हाकेच्या अंतरावर नसते, तर ती दुपार तशी गेली असती का? १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुढे कर्जाचे दस्त ग्रामनिबंधकापुढे नोंदवणे आवश्यक केले, म्हणजे कागदाला आणखी एक उंबरठा मिळाला.

१८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला. ऊस आला, १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला छोटी रेल्वे आली. हे सर्वज्ञात आहे.

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. तलाठ्याच्या दारातल्या खेपा ज्याने घातल्या आहेत, तो त्याबद्दल हळहळणार नाही; मीही हळहळत नाही. पण त्या खेपांच्या आधारावर अर्ज लिहून देणारा, झेरॉक्सवाला, चहाची टपरी आणि ‘आलोच आहे तर’ म्हणून होणारी खरेदी उभी होती. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसावरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगात तर उपग्रह आणि मातीतले संवेदक यांचा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर थेट पोचतो. माहितीसाठी गावात येण्याचे कारण उरत नाही. आणि कर्जही मोबाइलवरच घेतले, तर त्याचा रोखा सुप्याच्या कोणत्याच दुकानात सापडणार नाही.

तुकोबांच्या पालखीची वाट अजून बारामती-इंदापुरातून जाते. बेलवाडीत रिंगण होते, तेव्हा कडेने शेकडो मोबाइल वर धरलेले असतात. घोडा मात्र त्याच मातीतून धावतो, आणि तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे खाली वाकतात. मोबाइल तेवढ्यापुरते खिशात जातात.