एलपीची वंशावळ

जुने रॉक अल्बम पुन्हा व्हिनाइलवर निघतात आणि महागड्या दराने हातोहात खपतात. असे का होते, या प्रश्नाला तीन उत्तरे ठरलेली आहेत: ॲनलॉग आवाजातली ऊब, गेलेल्या काळाची ओढ आणि बारा इंची वेष्टनाचा थाट. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही मिळूनही प्रश्न सुटत नाही. ओढ म्हणावी, तर हे अल्बम पहिल्यांदा आले तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी तरुण मंडळी ते विकत घेतात. वेष्टन तर डिजिटल फाइलवरून कापलेल्या स्वस्त तबकडीलाही तितकेच मोठे असते. आणि उबेची तर २०२२ साली उघड परीक्षाच झाली. तिच्याकडे पुढे येऊ. माझे म्हणणे असे, की हा सगळा ओढा मुळात वंशावळीचा आहे. हातातली तबकडी मूळ टेपपासून कितव्या पिढीतली, मधे कोणकोण येऊन गेले, हे जाणून घेण्याची ही आस आहे. ती हल्लीच्या शौकिनांनी उकरून काढलेली नाही. एलपी जन्माला आली तीच मुळी पुनर्प्रकाशन म्हणून, आणि तिच्या कुळकथेतला हाच दुवा सहसा नजरेतून सुटतो.

आधीचे टप्पे ठाऊक आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत भारतातून जाणारी लाख असे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली आणि अमेरिकी सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्क व्हिनाइलच्या निघू लागल्या. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग आला तो सिनेमातून: १९२६ पासून व्हायटाफोन पद्धतीत सोळा इंची तबकडी सुमारे अकरा मिनिटांच्या रिळाच्या जोडीने वाजत असे. आरसीए व्हिक्टरने १९३१ मध्ये याच वेगाच्या लांब तबकड्या बाजारात आणल्या, पण त्या चालल्या नाहीत. मग जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कला एलपी सादर केली. इथे श्रेयाचा वाद सुरू होतो. कोलंबियाचे संशोधक पीटर गोल्डमार्क सांगत, की ब्राम्स ऐकताना दर चार मिनिटांनी तबकडी बदलण्याच्या त्रासातून त्यांना ही कल्पना सुचली. कंपनीचे प्रमुख एडवर्ड वॉलरस्टीन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आठवणी वेगळे सांगतात: खरे काम विल्यम बॅकमन यांच्यासारख्या अभियंत्यांचे होते, आणि एका बाजूला सतरा मिनिटे हे माप त्यांनी स्वतः शास्त्रीय रचना घड्याळ लावून मोजून ठरवले होते. गोल्डमार्क यांची गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती जास्त पसरली. मला वॉलरस्टीन यांची बाजू अधिक सबळ वाटते, आणि त्याला कारण आहे.

ते कारण असे. १९३९ मध्ये वॉलरस्टीन कोलंबियात आले आणि त्यांनी सगळे मूळ ध्वनिमुद्रण सोळा इंची लॅकर तबकड्यांवर, ३३⅓ वेगाने करून ठेवायला लावले. बाजारात जाणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या मूळ तबकड्यांवरून उतरवल्या जात. लांब तबकडी खपवण्याचा आरसीएचा डाव फसल्यावर त्याच कंपनीत जाऊन ती योजना गुंडाळणारा माणूस हाच. ती का फसली हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? मूळ लॅकर हाताशी होत्या, म्हणून १९४८ उजाडले तेव्हा कोलंबियाला नवे गायक-वादक बोलवावे लागले नाहीत. बारा इंची मालिकेतली पहिली एलपी म्हणजे नेथन मिलस्टाइन आणि ब्रुनो वॉल्टर यांनी १९४५ मध्ये मुद्रित केलेला मेंडेल्सनचा व्हायोलिन कॉन्चर्टो. दहा इंची लोकप्रिय मालिकेतली पहिली म्हणजे फ्रँक सिनात्राचा १९४६ मध्ये चार तबकड्यांच्या संचात आलेला अल्बम. पत्रकारांसमोर वॉलरस्टीन ७८च्या सुमारे आठ फूट उंच चळतीशेजारी उभे राहिले. तेच सगळे संगीत एलपीच्या जेमतेम पंधरा इंची चळतीत मावले होते. 'तेच संगीत, अधिक चांगल्या रूपात' हाच त्या दिवशीचा मुद्दा. ७८ हे मूळ आणि एलपी ही नक्कल, असे इथे नव्हतेच. दोघी एकाच लॅकरच्या लेकी, फक्त धाकटीला थोरलीपेक्षा जास्त चांगला आवाज आणि जास्त वेळ मिळाला होता.

तबकडीच्या कारखान्यातली भाषाही कुळाचीच आहे. कापलेल्या लॅकरवर धातूचा थर चढवून जो उलटा साचा निघतो तो 'फादर', त्यावरून निघणारी सुलटी प्रत 'मदर', आणि तिच्यापासून घडणारे स्टँपर व्हिनाइलवर दाबले जातात. लॅकर कापतानाची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खाचा किती अंतराने कापायच्या, हे खाच कापणाऱ्या यंत्राला, म्हणजे लेथला, पुढे येणारा आवाज आधी कळल्याशिवाय ठरवता येत नाही. दणदणीत आवाजाची खाच जास्त झोके घेते आणि शेजारच्या खाचेत घुसू शकते. म्हणून लेथला जोडलेल्या टेप यंत्रात दोन हेड असतात. पहिले हेड एका फेरीइतके, म्हणजे ३३⅓ वेगाला १.८ सेकंद, आधी टेप वाचून लेथला सावध करते. दुसरे प्रत्यक्ष कापायचा आवाज देते. दोन हेडांमध्ये टेपला लांबचा फेरा घ्यावा लागतो. अशी यंत्रे दुर्मिळ आणि अवघड, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक स्टुडिओंनी दुसऱ्या हेडऐवजी डिजिटल विलंब-यंत्र बसवले. त्यामुळे डिजिटलपूर्व समजल्या जाणाऱ्या काळातल्या कितीतरी एलपींत आवाज क्षणभर आकड्यांतून जाऊन आला आहे. पूर्ण ॲनलॉग पुनर्प्रकाशन करायचे, तर आज ती जुनी यंत्रे जिवंत ठेवावी लागतात.

रॉकमध्ये या वंशावळीचे मोल बीटल्सच्या दोन संचांनी दाखवून दिले. २०१२ चा स्टीरिओ संच डिजिटल मास्टरवरून कापला होता. दर्जेदार असूनही त्यावर नाराजी उमटली. २०१४ चा मोनो संच ॲबे रोड स्टुडिओत मूळ टेपवरून, जुन्या कटिंग अभियंत्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी समोर ठेवून कापला. त्याची मात्र वाहवा झाली. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमचेही तसेच. १९६९ मध्ये बॉब लडविग यांनी तो जोरकस कापला. अटलांटिकचे प्रमुख अहमत एर्टेगुन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर सुई उडाली आणि कंपनीने तो सौम्य करून पुन्हा कापून घेतला, असे लडविग यांनीच सांगितले आहे. शेवटचे गाणे आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात 'आरएल' ही लडविग यांची आद्याक्षरे कोरलेली पहिली प्रत आजही संग्राहक शोधत असतात. यावर कुणी म्हणेल, की ही माणसे आवाजच शोधतात, वंशावळ नव्हे. खरे आहे, पण आवाजापर्यंत जाण्याची वाट ती दोन अक्षरेच दाखवतात. सुई ठेवण्याआधी तबकडी तिरकी धरून उजेडात तो पट्टा वाचला जातो.

आता २०२२ ची परीक्षा. १९७७ पासून मूळ मास्टरवरून केलेल्या पुनर्प्रकाशनांसाठी नावाजलेल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीने मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४०,००० प्रती 'वन-स्टेप' पद्धतीने काढायचे जाहीर केले. या पद्धतीत फादर-मदरच्या पायऱ्या गाळल्या जातात, त्यामुळे एका लॅकरमधून मर्यादितच प्रती निघतात. एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप कितीदा वाजवावी लागेल, या साध्या हिशेबातून शंका निघाली, आणि कंपनीच्या अभियंत्यांना मान्य करावे लागले, की २०११ पासून अनेक तबकड्या उच्च दर्जाच्या डिजिटल प्रतीवरून कापल्या जात होत्या. प्रकरण कोर्टात सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीपर्यंत गेले. विशेष हे, की मधली दहाएक वर्षे याच तबकड्या जाणकार कान सर्वोत्तम म्हणून गौरवत होते. संताप ऐकण्यातून नव्हे, कळण्यातून आला.

यावरून काहींनी निकाल दिला, की सगळा भ्रम होता. कानाला फरक कळत नसेल तर वंशावळ निरर्थक. हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या प्रकरणाने एवढेच सिद्ध झाले, की उत्तम डिजिटल पायरी कानाला सहज सापडत नाही. टेपवरून टेप उतरवताना प्रत्येक पिढीत वाढणारी खरखर त्याने खोटी ठरत नाही, आणि कारखान्यांकडे पाठवायच्या प्रतींत आधीच कमी केलेला बास परत येत नाही. शिवाय विकत घेणाऱ्याला जे सांगितले गेले ते खरे हवे, ही मागणी कानाच्या कसोटीवर अवलंबून नाही. बखर कितीही रसाळ असली तरी अभ्यासक मूळ पत्र मागतो, कारण मधे कुणी काय बदलले हे त्यालाच तपासायचे असते. रॉकच्या श्रोत्याचा हक्क तोच आहे. म्हणून वेष्टनावर 'ॲनलॉग' हा एक शब्द छापणे पुरेसे नाही. कोणती टेप, कुणी कापली, मधे किती पायऱ्या, हे प्रत्येक पुनर्प्रकाशनावर स्पष्ट लिहिले जावे. १९४८ मध्ये कोलंबियाने आपल्या मूळ तबकड्या जपल्या होत्या म्हणूनच एलपी उभी राहू शकली. आजची एलपीही टिकायची असेल तर जपलेल्या मुळाच्या आणि त्याच्या खऱ्या नोंदीच्या बळावरच टिकेल.