पीक-जैवमाहितीशास्त्राचे ऑनलाइन अध्ययन : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जुन्नरच्या प्राचीन लेण्यांतील शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दान दिलेल्या लेण्याचा, तसेच करंजाची झाडे लावण्यासाठी नेमून दिलेल्या जमिनीचा उल्लेख आढळतो. झाड, जमीन व धान्य यांच्याशी निगडित नोंद सर्वांना दिसेल अशी कोरून ठेवण्याचे हे जुने उदाहरण होय. आज पिकांची नोंद संगणकीय विदागारांत होते. ही विद्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आवाक्यात कशी आली व तिच्यात त्याने कोणती भर घालावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्येचा प्रवास

जनुकीय क्रमांचे ‘जेनबँक’ हे विदागार १९८२ मध्ये सुरू झाले. दोन क्रमांतील साम्य शोधणारी ‘ब्लास्ट’ ही प्रणाली १९९० मध्ये उपलब्ध झाली. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून १९८७ मध्ये तत्कालीन पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र स्थापन झाले. त्याच्या जडणघडणीत डॉ. अशोक कोळसकर यांचा मोठा वाटा होता. तथापि, त्या काळी ही विद्या शिकावयाची तर शहरातील केंद्र गाठणे भाग होते. १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. २००३ मध्ये आरंभ झालेल्या ‘एनपीटीईएल’मुळे व २०१७ मधील ‘स्वयम्’मुळे विद्यापीठीय पाठ घरबसल्या मिळू लागले. अंतराचा अडसर अशा रीतीने बराच कमी झाला.

परिसरातील पिके आणि त्यांचे जीनोम

याच काळात परिसरातील प्रमुख पिकांचे जीनोम एकामागून एक प्रसिद्ध झाले : द्राक्ष २००७, बटाटा २०११, टोमॅटो २०१२ व कांदा २०२१. टोमॅटोच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात पाचव्या गुणसूत्राचे काम भारताकडे होते. कांद्याचा जीनोम मानवी जीनोमच्या सुमारे पाचपट असल्याने त्यास विलंब लागला. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो किंवा सातगाव पठारावरील खरीप बटाटा यांविषयीचा मूलभूत संदर्भ आता कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

परंतु हा संदर्भ आपल्या शेतातील वाणांचा नव्हे. टोमॅटोचा प्रमाण जीनोम ‘हाइन्झ १७०६’ या अमेरिकी वाणाचा, तर द्राक्षाचा ‘पिनो न्वार’च्या संकरापासून तयार केलेल्या वंशाचा आहे. स्थानिक वाण, हवामान व रोग यांची माहिती त्यात आपोआप येत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील टोमॅटोची फळे विचित्र रंगांनी डागाळली. शेतकऱ्यांनी या विकृतीला ‘तिरंगा’ म्हटले. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे पाठवावे लागले. निदान होईपर्यंत अफवा पसरल्या आणि त्यांची झळ उत्पादकाला बसली. विषाणूचा क्रम विदागारातील क्रमांशी ताडून पाहणे हे जैवमाहितीशास्त्राचे प्राथमिक काम आहे. मात्र नमुना कोणत्या गावचा, लागवड कधीची, बियाणे कोणते, लक्षणे केव्हा दिसली, ही माहिती नसेल तर अचूक क्रमाचाही उपयोग मर्यादितच राहतो.

समारोप

सारांश, ऑनलाइन अध्ययनाने पद्धती हाती येते. नोंद मात्र बांधावर जाऊनच करावी लागते. आणि ती करण्यास स्थानिक महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांइतके सोयीचे स्थान दुसऱ्या कोणाचे नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून गाव, हंगाम, वाणाचे स्थानिक नाव व रोगलक्षणे यांची दरवर्षी एकाच नमुन्यात नोंद ठेवता येईल. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ ने शेतकऱ्याला वाणाचा जतनकर्ता म्हणून मान्यता दिली आहे. म्हणून नोंद करताना त्याची संमती व श्रेय यांचाही आदर व्हावा. हे घडले नाही, तर येथील पिकांचा अभ्यास होत राहील, पण तो दूरच्या वाणांच्या आधारे. आणि स्थानिक वाण नोंदीविनाच नाहीसे होतील.