सगळ्यांची घरं झाली की मगच गृहप्रवेश

गटाच्या बैठकीत घरकर्जाचा विषय निघाला की एक अडचण हमखास येते. बँक विचारते, उत्पन्न किती आणि उतारा कोणाच्या नावावर? आणि आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. ही अडचण साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतमजुरांपुढेही होती. तिथल्या एका जिल्ह्यात त्यांनी त्यातून वाट काढली, तीच हकीकत आज सांगते.

कॅलिफोर्निया राज्यात टुलेरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. संत्री, द्राक्षं, कापूस, दूध, सगळ्याची तिथे रेलचेल. पण ही द्राक्षं तोडणारे मजूर राहायचे कुठे? लिनेल आणि वुडविल इथल्या मजूर छावण्यांमध्ये, पत्र्याच्या खोल्यांत. या खोल्या १९३०च्या दशकात तात्पुरती सोय म्हणून उभारलेल्या होत्या, आणि पंचवीस वर्षं उलटून गेली तरी माणसं त्यातच होती. तिकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. पत्र्याखाली दुपार कशी जाते ते तुम्हाला मी काय सांगू! १९६५ मध्ये या खोल्यांचं महिन्याचं भाडं वाढवलं, तेव्हा मजुरांनी भाडं देणंच बंद केलं आणि मोर्चा काढला.

आता कर्जाकडे येऊ. अमेरिकेत १९४९ साली घरबांधणीचा कायदा झाला. त्यात ग्रामीण भागासाठी सरकारी कर्ज होतं, पण ते शेतमालकांना. शेतात राबणारा मजूर त्यात बसत नव्हता. १९६१ साली कायदा बदलला आणि गावात राहणाऱ्या बिनशेतीच्या कुटुंबांनाही कर्ज मागता येऊ लागलं. तरी गाडी अडलीच. हंगामी मजुरीवर जेवढं कर्ज फिटेल, तेवढ्यात घर होत नव्हतं.

इथे क्वेकर पंथाच्या सेवा संस्थेचे कार्यकर्ते पुढे आले. त्यांचा हिशेब सरळ होता. घराच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो. ती मजुरी कुटुंबाने स्वतः केली तर कर्ज कमी लागेल, हप्ता पेलवेल, आणि कालपर्यंत अपात्र असलेलं कुटुंब पात्र ठरेल. १९६३ मध्ये टुलेरीतल्या गोशेन गावात तीन शेतमजूर कुटुंबांनी अशी घरं बांधली. त्यातून १९६५ मध्ये ‘सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस’ ही संस्था उभी राहिली. आपल्या बचत गटालाही इंग्रजीत सेल्फ-हेल्पच म्हणतात, म्हणून मला हे नाव पाहून गंमत वाटली.

पद्धत अशी. दहाएक कुटुंबांचा गट करायचा. प्रत्येक घरातून आठवड्याला साधारण चाळीस तास काम, तेही नोकरी-मजुरी सांभाळून, म्हणजे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. पाया, लाकडी सांगाडा, रंग हे सगळे मिळून करतात. वीज आणि नळाचं काम जाणकार कारागिराकडे. बांधकामाची निदान ६५ टक्के मजुरी कुटुंबांची असावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे, गटातली सगळी घरं पुरी होईपर्यंत कोणीच राहायला जायचं नाही. हा नियम ज्याने केला त्याला माणसं कळत होती. पहिलं कर्ज मिळाल्यावर बैठकीला न फिरकणारी सदस्य कोणत्या गटात नसते?

१९६८च्या कायद्याने अशा कर्जाचं व्याज गरीब कुटुंबांसाठी १ टक्क्यापर्यंत उतरवता येऊ लागलं. बायकांची वाट मात्र आणखी लांबली. अमेरिकेतल्या बँका बाईची कमाई पूर्ण धरत नसत, नवऱ्याची सही मागत. १९७४च्या कायद्याने बाई म्हणून किंवा विधवा, घटस्फोटित म्हणून कर्ज नाकारायला बंदी केली. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे, आणि स्वतःच्याच घरकुलावर राबल्याची रोजगार हमीतून सपाट भागात ९० दिवसांची मजुरी मिळते. तिथे श्रम कर्जातून वजा होतात, इथे त्याचे पैसे हातात येतात.

त्या संस्थेच्या मदतीने आजवर ६ हजारांहून जास्त कुटुंबांनी घरं बांधली आहेत. पण या सरकारी कर्जाला नागरिकत्वाचे किंवा कायम वास्तव्याचे कागद लागतात, आणि हप्ता फेडण्याइतकी नियमित कमाईही दाखवावी लागते. तिथल्या शेतात राबणाऱ्या कितीतरी जणांकडे ते कागदच नाहीत. ते अजून भाड्याच्या घरात, जुन्या ट्रेलरमध्ये, कधी एका घरात दोन-तीन कुटुंबं मिळून राहतात.