‘दे त्याला, ख्रिस!’ : गोळी एकाची, फाशी दुसऱ्याला

आजची गोष्ट लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉयडनची. २ नोव्हेंबर १९५२, रविवारची रात्र. दोन पोरं चोरी करायला एका गोदामाच्या गच्चीवर चढतात. ख्रिस्तोफर क्रेग, वय १६, खिशात रिव्हॉल्व्हर. आणि डेरेक बेंटली, वय १९. त्याच्याकडे चाकू आणि लोखंडी फायटर, तोही क्रेगनंच दिलेला. समोरच्या घरातून कुणीतरी पाहतं, पोलीस येतात.

फेअरफॅक्स नावाचा पोलीस बेंटलीला धरतो. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तेव्हा बेंटली ओरडला, ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस!’ क्रेगनं गोळी झाडली, ती फेअरफॅक्सच्या खांद्याला लागली. पण तो मेला नाही. साधारण पंधरा मिनिटांनी जिन्याच्या दारातून सिडनी माइल्स हा शिपाई गच्चीवर आला आणि त्याच्या डोक्यात गोळी लागली. तो जागीच गेला. या सगळ्या वेळात बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. पळायचा प्रयत्नही त्यानं केला नव्हता.

ते वाक्य मराठीत कसं सांगायचं, म्हणून मी बराच वेळ डोकं खाजवत बसलो, आणि मग सापडलं : ‘दे त्याला!’ गल्लीत भांडण लागलं की ‘दे त्याला’ म्हणजे ठोक त्याला. पण समोरचा पोलीस बंदूक मागत असेल तर? मग तेच ‘दे त्याला’ म्हणजे देऊन टाक बाबा! या दुहेरी अर्थावर पुढे लोकांनी खूप वाद घातला. खरं सांगू? मला तो वाद थोडा भरकटलेला वाटतो. कारण कोर्टात बेंटली आणि क्रेग दोघांनीही सांगितलं, की असं वाक्य कुणी बोललंच नाही.

मग फाशी कशी? कायदा असा, की दोघं मिळून एक बेत करून गेले, तर एकाच्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावरही येते. हे काही परकं नाही. आपल्या जुन्या दंड संहितेतलं कलम ३४, आजच्या न्याय संहितेतलं कलम ३(५), हेच सांगतं. आणि पाच किंवा जास्त जणांच्या दरोड्यात एकानं जरी खून केला, तरी आपल्याकडे त्यातल्या प्रत्येकाला फाशी होऊ शकते. तेव्हा इंग्रजांना नावं ठेवताना जरा जपून.

डिसेंबरमध्ये न्यायाधीश गॉडर्ड यांच्यासमोर खटला चालला. ज्यूरीनं ७५ मिनिटांत दोघांनाही दोषी ठरवलं, पण बेंटलीला दया दाखवा असंही सुचवलं. क्रेग १८ च्या आत, त्याला फाशी देता येत नव्हती. म्हणजे गोळी झाडणारा वाचला आणि उरला तो बेंटली! सुमारे २०० खासदारांनी दयेसाठी सह्या केल्या. संसदेत मात्र सभापतींनी सांगितलं, की शिक्षा अमलात येईपर्यंत चर्चा करता येणार नाही. २८ जानेवारी १९५३ ला वाँड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी दिलं.

यातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा कागद म्हणजे बेंटलीचा जबाब. त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. पोलीस म्हणाले, आम्ही प्रश्न विचारले नाहीत, तो आपणहून बोलला, आम्ही लिहून घेतलं. अनेक वर्षांनी माल्कम कूल्थर्ड या भाषातज्ज्ञानं तो जबाब तपासला. साधा माणूस ‘मग मी’ म्हणतो, पोलीस लिहितात ‘मी त्यानंतर’. जबाबात ही पोलिसी पद्धत पुन्हा पुन्हा येत होती. आपल्याकडचा पंचनामा आठवा, ‘सदर इसम’ वगैरे. घरी कोण असं बोलतं?

बेंटलीची बहीण आयरिस हे प्रकरण घेऊन चाळीसहून जास्त वर्षं लढली. १९९३ मध्ये अर्धवट माफी मिळाली : फाशी चुकली, पण दोष कायम. ती थांबली नाही. ३० जुलै १९९८ ला अपील कोर्टानं दोषही रद्द केला. गॉडर्डच्या भाषणामुळे बेंटलीला न्याय्य खटला मिळालाच नाही, असं म्हटलं.

आयरिस १९९७ मध्येच गेली होती. आणि क्रेग? तो दहा वर्षांची कैद भोगून १९६३ मध्येच सुटला होता, पुढे प्लंबरचं काम करत राहिला.