बाप्तिस्मा, शाळा आणि वस्ती : सोलापूरच्या ख्रिस्ती वारशाचा हिशेब

१९३८ च्या जानेवारीच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगणारा हा पुरुष कोणता धर्म घेणार, याकडे सगळ्याच धर्मांचे पुढारी डोळे लावून बसले होते. अशा वेळी पाहुण्याने यजमानाला बरे वाटेल असे बोलावे, ही रीत. बाबासाहेबांनी ती पाळली नाही. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हेही तितक्याच मोकळेपणाने. पुढे ते राजकारणावर आले. आम्ही अस्पृश्य अडाणी असलो तरी चळवळीत आहोत, म्हणून विधिमंडळात आमचे पंधरा प्रतिनिधी आहेत. तुम्ही शिकलेले असूनही बाहेर आहात, असा त्यांचा रोख होता. शिष्यवृत्ती घेणारा अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की शिष्यवृत्ती बंद होते, घरची गरिबी मात्र तीच राहते, हेही त्यांनी दाखवून दिले.

सोलापूरच्या ख्रिस्ती वारशाचा विचार या भाषणापासून सुरू केला पाहिजे. कारण विश्वासाने माणसाला आतून काय दिले आणि बाहेर काय देता आले नाही, हे दोन्ही त्यात एकदम दिसते.

अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ साली काम सुरू केले, १८३१ मध्ये ते नगरला आले आणि १८६० नंतरच्या दशकात सोलापुरात स्थिरावले. त्याच सुमारास रेल्वे आली. १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरचा दुसरा दुष्काळ, यांत गावेच्या गावे देशोधडीला लागली. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला गेलेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ असे हिणवले गेले, अजूनही हिणवले जाते. हिणवणाऱ्यांनी त्या वर्षी आपली विहीर महारामांगांना खुली केली होती काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि भाकरीसाठी माणूस कुठे गेला, एवढ्यावरून तिथे त्याला काय गवसले याचा निकाल लागत नाही.

काय गवसले? सगळ्यात आधी नाव. धोंड्या, कचऱ्या, दगडू अशी नावे गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत याकोब, शमुवेल, रूथ, मार्था लिहिले गेले. नावे परक्या देशाची, हे खरे. पण ती ठेवताना पाटलाला विचारावे लागले नाही. दुसरे, अक्षर. सोलापुरात मिशनने मुलींसाठी वसतिगृहासह वोरोनोको शाळा चालवली. मेरी हार्डिंग यांच्या कामातून बालवर्ग आणि त्यासाठी शिक्षिका तयार करण्याची सोय झाली. जिच्या आजीला देवळाच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते, ती मुलगी दुसऱ्यांची मुले शिकवून पगार आणू लागली. घरात शास्त्र वाचणारी बाई दिसू लागली, हा बदल मला बाप्तिस्म्याहून मोठा वाटतो. जेवणाआधी घटकाभर सर्वांनी डोळे मिटणे, रविवारी धुतलेले कपडे घालून एकत्र बसणे, मृत जनावर ओढायला नकार देणे या बारीकसारीक गोष्टींतून माणसाची चाल बदलते.

गाणे मात्र इथलेच राहिले. परदेशी चालींची गीते आली, पण पेटी, तबला, झांजा आणि कीर्तन यांना मराठी ख्रिस्ती माणसाने सोडले नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वाटेने ख्रिस्त गायला, तो म्हणूनच रुजला.

टिळकांचे नाव निघाले की एक खटकणारी गोष्ट सांगणे भाग आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखन म्हटले की ना. वा. टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई ही नावे येतात. तिघेही जन्माने ब्राह्मण. त्यांची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नगर-सोलापूर भागातली मंडळी ज्यांनी भरली, त्या महार-मांग ख्रिस्त्यांचे घरगुती अनुभव कुठे आहेत? याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला. ती ख्रिस्ती नव्हती. धर्म नसलेल्या माणसाचे दुःख मांडत होती. मिशनच्या छापखान्याने तिला कागद दिला, हे ऋण मानलेच पाहिजे. त्या कागदावर तिच्यासारख्या आणखी किती जणी आल्या, हे मात्र ज्याने त्याने मोजावे.

चर्चबाहेरही हा ठसा उमटला. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरातच विद्यार्थी वसतिगृह काढले. शाळेला जोडून राहण्याची सोय केल्याशिवाय खेड्यातला अस्पृश्य मुलगा शिकत नाही, हे मिशनने आधी दाखवले होते. फरक एवढाच, पण फार मोठा, की इथे पुढाकार घेणारा आणि सोय घेणारा एकाच समाजातला होता.

या वारशाची काळी बाजूही सोलापुरातच आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्यात आले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये त्यांची हजेरी घेतली जाई आणि गिरणीत कामाला पाठवले जाई. या व्यवस्थेतली उमेदपूरची वसाहत मिशनच्या हाती होती. तिथे शाळा होती, औषध होते, प्रेमाचा उपदेशही होता. पण ज्या धर्मात कर भरवणाऱ्या जकातदारालाही प्रभू पंक्तीला घेतो, त्याच्या सेवकांनी जन्मावरून कैद करणाऱ्या कायद्याची किल्ली हातात धरली. कायदा १९५२ साली रद्द झाला. सेटलमेंट हे नाव शहरात टिकून आहे.

बाबासाहेबांनी दाखवलेला धोका पुढे कायद्यातच उतरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराला हेच सांगितले : धर्मांतरानंतरही तशाच हालअपेष्टा टिकून आहेत याचा पुरेसा पुरावा नाही. महाराष्ट्रात अशा कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात होते. ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर आयोग नेमला.

म्हणून कित्येक घरांत माणसाला दोन नावे असतात. एक चर्चच्या नोंदवहीत, दुसरे शाळेच्या दाखल्यावर. पहिले आजोबांनी अभिमानाने घेतलेले, दुसरे नातवाच्या फीसाठी जपलेले. रविवारी पहिल्या नावाने हाक येते, सोमवारी कचेरीत दुसऱ्या.