मोकळ्या जागेची गोष्ट: १८०३ ची फोर्टची आग आणि आपला जिना

आज सव्वादोनशे वर्षं मागे जायचंय, पण सुरुवात आपल्या आशागडपासून.

जुना वारली पाडा डोळ्यांसमोर आणा. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर पेंढा नाहीतर कौलं आणि आत पेटती चूल. जळण्यासारखं सगळंच. पण घरं सुटी सुटी. आग शेजारी पोचायची तर आधी अंगण ओलांडावं लागतं.

आता याच्या अगदी उलटं चित्र बघा. मुंबईचा फोर्ट, म्हणजे तेव्हाचा कोट. तटबंदीच्या आत जागा कमी आणि माणसं वाढत चाललेली. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, खाली दुकान-गोदाम आणि वर बिऱ्हाड. १७ फेब्रुवारी १८०३ ला तिथल्या बाजारात आग लागली. वारा जोरात होता. ज्वाळा एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जात राहिल्या. चारशेहून जास्त घरं गेली.

किल्ल्यात दारूगोळ्याचं कोठार होतं. आग तिथवर गेली असती तर शहरच उरलं नसतं. मग काय केलं? तोफा लावून मधली घरं पाडली! आगीला पुढे जळायला काही मिळू नये म्हणून.

नीट बघा, पाड्यात जी मोकळी जागा आधीपासून होती, ती इथे लोकांची घरं पाडून करावी लागली.

नंतर गव्हर्नर जोनाथन डंकनच्या सरकारने कोटातली गर्दी कमी करायला घेतली. बऱ्याच लोकांची वस्ती तटाबाहेर, मैदानापलीकडे उत्तरेला वाढली. ते मैदान म्हणजे एस्प्लनेड. मुळात ते तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं. आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे त्याचेच तुकडे. डहाणू लोकलने चर्चगेटला उतरलात की ओव्हल अगदी जवळ आहे, बघून या.

आता परत घरी येऊ. आज आपल्याकडेही चाळी झाल्या, बिल्डिंगी झाल्या. ठिणगीची कारणं बदलली: जुनं वायरिंग, एकाच बोर्डावर गीझर आणि इस्त्री, गळका गॅस पाइप, रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-बाइक. पण आग वाढते ती जुन्याच कारणाने. मधे मोकळी जागा नाही म्हणून. मीटरबॉक्सखाली बाइक, जिन्यात जुनी गादी, पॅसेजमध्ये कपाट, गच्चीच्या दाराला कुलूप.

आणि ज्वाळेच्या आधी धूर येतो. जिना धुराड्यासारखा काम करतो, धूर भराभर वर चढतो. अशा आगींत बरेच लोक भाजून नाही, गुदमरून जातात.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, तिथली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची नाहीतर सोसायटीची जबाबदारी. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीत विचारा, शेवटचं कधी दिलं?

आग लागलीच तर लिफ्ट नको. धुरात वाकून चाला. विजेच्या आगीवर पाणी मारू नका, जमलं तर मेन स्विच बंद करा. आणि १०१ ला फोन.

पण त्याआधी, आज एपिसोड संपला की एवढंच करा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि आपल्या जिन्यातून खालपर्यंत उतरून बघा. पायात जे जे येईल, ते उद्या सकाळी हलवा. कोटातल्या लोकांना मोकळी जागा करायला तोफा लागल्या. आपलं काम एका रविवारात होईल.

भेटू पुढच्या भागात!